अकरा नळ्यांची भिंत

आमच्या ह्यांना कुठलीही भिंत दिसली की बोटं शिवशिवतात. सरळ जवळ जायचं, दोन बोटं दुमडायची आणि टकटक वाजवून बघायचं. मग कान लावायचा, मग मान हलवायची. बँकेत जा, दवाखान्यात जा, कुणाच्या घरी बारशाला जा, हे ठरलेलं. लेकीच्या वेळी मी आत कळा सोसत होते आणि हे बाहेर व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत वाजवत फिरत होते. नर्सबाई बाहेर येऊन म्हणाली, "मुलगी झाली," तर ह्यांनी आधी तिला सांगितलं, की त्या खिडकीखालचा गिलावा सुटलाय, खाली कुणाला बसवू नका. मग विचारलं, "मुलगी कशी आहे?" नर्सबाईनेच मला आत येऊन सांगितलं हे, म्हणून खोटं म्हणता येत नाही.

हे गवंडी. पस्तीस वर्षं झाली भिंती बांधताहेत. बांधकामावरची माणसं ह्यांना ओळंबा म्हणतात. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. वरून सोडलं की भिंत सरळ आहे का कललीय ते लगेच समजतं. नाव ठेवणाऱ्यानं कौतुकानं ठेवलं की चेष्टेनं, देव जाणे. कारण भिंत सरळ तसं ह्यांचं बोलणंही सरळ. मालकाच्या तोंडावर सांगायचे, "ही खोली तुम्ही काढताय खरी, पण उद्या छत डोक्यावर येईल." निम्मी कामं अशीच घालवली. मी चरफडायचे, पण मनातून बरंही वाटायचं. खोटं बोलणारा नवरा सांभाळण्यापेक्षा हे परवडलं.

भिंत म्हणजे भिंत, त्यात काय शिकायचं, असं मला लग्नाआधी वाटायचं. ह्यांनी पहिल्या महिन्यातच शाळा घेतली. एक भिंत ओझं वाहते, तिच्या अंगाला हात लावायचा नाही. एक नुसती आडोशाला असते, ती काढली तरी घराला पत्ता लागत नाही. एक हद्द सांगते, सगळ्यांत जास्त भांडणं तिच्यावरून. आणि एक माती अडवते. "ह्या शेवटचीला सगळ्यांत जास्त कष्ट," हे म्हणायचे. "बाकीच्या नुसत्या उभ्या असतात. ही दिवसरात्र मागचं ढकलून धरत असते." नव्या नवरीला सांगायच्या गोष्टी का ह्या? मला वाटलं होतं सिनेमाला नेतील. नेलंही एकदा. मध्यंतरात उठले, थेटरची भिंत वाजवून आले आणि उरलेला सिनेमाभर बेचैन होऊन छताकडे बघत बसले.

मला भिंतीचे वेगळेच उपयोग माहीत. शेजारीण पलीकडून चमच्यानं दोनदा वाजवायची, म्हणजे नळाला पाणी आलं. तीनदा वाजवलं म्हणजे तिची सासू बाहेर गेली, ये गप्पा मारायला. लेक भिंत धरून पहिलं पाऊल टाकायला शिकली. रुसली की भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि मी मारलेल्या हाकांना तिची नुसती वेणी उत्तर द्यायची. खडूनं पाढे लिहिले तेही भिंतीवरच. मी स्वतः कितीदा भिंतीला पाठ लावून दम घेतलाय, कितीदा तिच्याकडे तोंड करून रडलेय. आणि ह्यांच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीशीच बोलणं. पण खिळा? छे! घरातल्या एकाही भिंतीला खिळा मारायचा नाही, गिलावा हलतो म्हणे. त्यामुळे कॅलेंडर कपाटाच्या कडीला, घड्याळ फ्रिजवर, आणि माझ्या सासूबाईंचा फोटो खुर्चीत. पाहुणा आला की आधी सासूबाईंना उचलायचं, मग त्याला म्हणायचं, बसा.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. ज्या भिंतीचं सांगायला बसलेय, तिचं नाही नेता येत.

ती भिंत आमच्या व्याह्यांच्या घरामागे आहे. व्याही घड्याळजी. घर उताराच्या अगदी पायथ्याशी. पुढे दुकान, मध्ये दोन खोल्या, मागे एक खोली, तिच्यामागे चार पावलांचं अंगण आणि अंगण संपलं की एकदम टेकाड उभं. ती माती घरात येऊ नये म्हणून बारा वर्षांपूर्वी त्यांनी ह्यांना बोलावलं. ह्यांनी दगडात दहा फूट उंच, तीस फूट लांब भिंत उभी केली. मातीत मुरलेलं पाणी भिंतीमागे साचलं तर भिंतीला लोटतं, म्हणून ते बाहेर पडायला तिच्यात नळ्या सोडल्या. खालच्या रांगेत सहा, वरच्या रांगेत पाच. अकरा. तेव्हा ते व्याही नव्हते, ह्यांना "मिस्त्री" म्हणायचे. आमची लेक त्याच गावात कॉलेजला होती, रोज जाताना ह्यांचा डबा द्यायची. घड्याळजींनी तिला पाहिलं. त्यांच्या मुलानं जरा जास्तच पाहिलं.

तीन वर्षांनी त्या घरातून रीतसर विचारणा आली. आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. स्वतःचं घर, चालतं दुकान, मुलगा शांत. बोलणी करायला आम्ही गेलो तेव्हा सगळं गोडीत चाललं होतं. तेवढ्यात विहीणबाई, म्हणजे तेव्हा व्हायच्या होत्या, त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुमची भिंत झकास, पण मेली ती भोकं! धुतलेले कपडे वाळत घातले की त्यातून तांबडं पाणी उडतं. रोजची कटकट. काम करून दिलंत तर पुरतं करून द्यायचं होतंत की." हसत म्हणाल्या, पण ते हसणं काही पूर्ण नव्हतं. पुढच्या बैठकीची तारीख त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी हे एकटेच थापी घेऊन गेले. अकराच्या अकरा नळ्यांची तोंडं बुजवली आणि सगळ्या भिंतीला वरून गिलावा केला, असा की हात फिरवला तरी नळी कुठं होती ते समजू नये. टेकाडाच्या माथ्यावर एक चर खणला, पाणी बाजूनं निघून जाईल म्हणून मनाची समजूत घातली. पैसे घेतले नाहीत, आणि त्या नळ्या कशासाठी होत्या तेही त्या घरात कुणाला सांगितलं नाही. दहा दिवसांनी लग्न ठरलं. ज्या माणसानं कुणासाठी भिंतीतली एक वीट तिरकी लावली नाही, त्यानं हे कसं केलं, असं विचाराल. ते येईल पुढे.

नऊ वर्षं काही झालं नाही. लेक नांदली, तिला मुलगी झाली, ती चार वर्षांची झाली. मागची खोली लेकीची. पलंग भिंतीच्या बाजूच्या खिडकीखाली.

दोन महिन्यांपूर्वी एका बुधवारी लेकीचा फोन आला. हसत होती. "बाबा, तुमच्या भिंतीला पोट आलंय." मागे विहीणबाईही हसत होत्या. वर नवीन इमारत झालीय, तिच्या टाकीतून रोज पाणी वाहतं. बांधकामाचा राडारोडा चरात टाकून त्यांनी चर बुजवलाय. मग फोन व्याह्यांनी घेतला. म्हणाले, "तो वरचा इमारतवाला जबाबदारी घेत नाही. मी रविवारी गल्लीतल्या चार माणसांना बोलावलंय. त्यालाही बोलावलंय. तुम्ही या आणि सगळ्यांसमोर सांगा, भिंतीत खोट नाही, चूक वरच्याची. तुमच्या शब्दापुढे कोण बोलणार?"

ह्यांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या "बरं"वरूनच मला कळलं. चेहरा असा झाला होता, की कुणी मेल्याची बातमी यावी.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते विचारू नका. जेवायला बसले की दोन घासांत उठायचे. खुर्चीत बसले की उठून दारापर्यंत जायचे, दारातून परत. कामावर गेले आणि अकराला परत आले. "काय झालं?" तर म्हणे, माल कालवायलाच जमेना, पाणी जास्त पडतंय. पस्तीस वर्षं माल कालवणाऱ्या माणसाला! स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावून उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, ती आपली भिंत आहे. बसा ना मेलं एका जागी!" बसले, आणि बसल्या बसल्या मागे हात नेऊन वाजवत राहिले.

मीही काही शांत नव्हते. पण मी ते रागावून झाकत होते. गुरुवारी दुपारी मी त्यांना समोर बसवलं. म्हटलं, "हे बघा. टाकी वरच्याची आहे ना? चर त्यानं बुजवला ना? मग रविवारी तेवढंच सांगायचं. त्यात खोटं काय आहे?"

"नळ्या उघड्या असत्या तर ते पाणी बाहेर आलं असतं."

"ते आता कुणाला माहीत आहे?"

"मला," हे म्हणाले.

"मग भिंत पुन्हा बांधताना नळ्या सोडा. कुणाला न सांगता सोडा. लेकीला नांदायचंय त्या घरात. उद्या येता-जाता तिला ऐकवतील, तुझ्या बापानं फसवलं म्हणून. आयुष्यभर."

ते उठले आणि लेकीला फोन लावला. तिला म्हणाले, कपाटाचं कुलूप घे, शिवायच्या दोऱ्याला बांध, शिडीवर चढ आणि भिंतीच्या वरच्या कडेवरून सोड. ती सांगत होती आणि हे डोळे मिटून ऐकत होते. दोरा मध्ये भिंतीच्या पोटावर टेकतो आणि खाली भिंतीपासून तीन बोटं सुटतो. "उद्या सकाळी पुन्हा बघ. तीच जागा, तीच बोटं," हे म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ती म्हणाली, "चार बोटं."

एका दिवसात एक बोट. मला आणखी काही सांगायची गरज नव्हती. हे तिला म्हणाले, "तुम्ही सगळे मागच्या खोलीतून बाहेर व्हा. आत्ता. सामान राहू दे."

फोन मोठ्या आवाजात होता, मी ऐकलं. लेक म्हणाली, "बाबा, मी काल तेच म्हटलं. तर सासरे म्हणाले, दुसऱ्या कुणाची भिंत असती तर मीच पहिला पळालो असतो. ही तुझ्या बापाची आहे, ही हलायची नाही. आता रविवारपर्यंत थांबू म्हणतात. आणि तुम्हीच तर म्हणायचात ना, की ती भिंत तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल?"

ह्यांच्या हातून मीच फोन घेतला आणि "आम्ही येतोय" एवढं सांगितलं.

बसला दोन तास लागतात. ह्यांच्या पिशवीत हातोडा, दोन लांब छिन्न्या आणि पहार. पहार पिशवीबाहेर आलेली, कंडक्टर म्हणाला, "काका, कुठं दरोडा घालायचाय?" एरवी हे त्याला दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहिले नसते. नुसते खिडकीबाहेर बघत होते. प्रत्येक थांब्यावर उठून पुढं बघायचे, ड्रायव्हर का थांबलाय म्हणून. निम्म्या वाटेत मी शेवटचं बोलून बघितलं. हळूच म्हटलं, "नुसतं 'धोका आहे, बाहेर व्हा' असं सांगा. नळ्यांचं काढू नका. ऐकतील तेवढ्यावर."

तेव्हा ते माझ्याकडे वळले. चिडले नव्हते. म्हणाले, "अगं, ते माझ्यावर विश्वास ठेवून भिंतीखाली बसलेत. तो विश्वास मोडल्याशिवाय ते उठायचे नाहीत."

मला रडू आलं. बसमध्ये, परक्या माणसांसमोर. मी पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळले.

पोचलो तेव्हा दीड वाजला होता. जावई कामाला बाहेर गेलेले, व्याही दुकानात, डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसलेले. मान वर न करताच म्हणाले, "या या. रविवारचं बोलावलं, तुम्ही शुक्रवारीच हजर!" ह्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही. दुकानातून, दोन खोल्यांतून सरळ मागच्या अंगणात. मी मागोमाग.

भिंत मधोमध फुगून आली होती, आठ-दहा फुटांच्या पट्ट्यात. गिलाव्याला आडवी भेग, नीट हात जाईल एवढी नाही पण बोट जाईल अशी. अंगणातल्या फरशीची एक ओळ भिंतीच्या कडेनं वर उचललेली. ह्यांनी टोकापासून वाजवायला सुरुवात केली. व्याही दारात येऊन हसत म्हणाले, "झाली का डॉक्टरकी सुरू? काय म्हणतोय पेशंट?"

"पोरगी कुठंय?" ह्यांनी विचारलं.

"झोपलीय आत. आत्ताच डोळा लागलाय तिचा," विहीणबाई म्हणाल्या. त्या आणि लेक खोलीच्या दारात येऊन उभ्या होत्या. आत खिडकीखालच्या पलंगावर नात पालथी झोपलेली दिसत होती, एक पाय पांघरुणाबाहेर.

"उचला तिला."

"अहो, चहा तरी घ्या. उठेलच तासाभरात. आत्ता उठवली तर दिवसभर किरकिर..."

"उचला तिला!" हे ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या घरात आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. सगळे जागच्या जागी थांबले. व्याह्यांच्या कपाळाला आठी पडली. कुणी हललं नाही, कारण पाहुण्यानं आपल्या घरात येऊन ओरडावं हे आधी पचायला हवं होतं.

तेव्हा हे म्हणाले, "ह्या भिंतीत अकरा नळ्या होत्या. लग्नाच्या आधी मी त्या बुजवल्या. धोका माहीत असूनही. भिंतीमागे पाणी भरलंय आणि त्याला वाट नाही. वरच्याचं पाणी असेल, पण वाट मी बंद केली. ही भिंत पडणार आहे. माझ्या नावावर विसंबू नका. बाहेर व्हा."

लेक धावत आत गेली आणि झोपलेल्या मुलीला तशीच उचलून पुढच्या खोलीत घेऊन गेली. व्याही तिथंच उभे होते. भिंग अजून कपाळावर ढकललेलं. इतक्या वर्षांत प्रथमच ते ह्यांना "व्याही" न म्हणता म्हणाले, "का, मिस्त्री?"

विहीणबाई पुटपुटल्या, "मी... मी तर नुसतं कपड्यांचं म्हणाले होते."

हे खाली बघत होते. माझं नाव ते घेणार नव्हते, मला माहीत होतं. मेले असते पण घेतलं नसतं. मग मीच पुढं झाले. म्हटलं, "ह्यांनी आपणहून नाही केलं. मी पाठवलं होतं ह्यांना. मी म्हटलं, त्या भोकांपायी हे स्थळ हातचं जायला नको, जा आणि बुजवून या. मला काय कळतंय भिंतीतलं? मी आपली बोलून गेले."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी नजर चुकवली.

पण तेव्हा बोलायला वेळ नव्हता. पलंग, कपाट, शिवणयंत्र, जे हाताला लागेल ते आम्ही ओढून काढायला लागलो. दुकानातलं गिऱ्हाईकही मदतीला आलं. पलंग दारातून निघेना, म्हणून तो ठेवून दिला. हे एकटे अंगणात राहिले. फुगवट्यापासून लांब, अगदी टोकाला त्यांना एक-दोन नळ्या फोडून पाण्याला वाट करायची होती. आणि सापडेनात! स्वतःच्या हातानं बुजवलेल्या नळ्या, पण सफाई इतकी केली होती की त्यांनाच ठाव लागेना. वाजवताहेत, कान लावताहेत, पुन्हा वाजवताहेत. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी मधल्या खोलीच्या दारातून ओरडत होते, "अहो, या बाहेर! जाऊ दे तिला!" ऐकतील तर शपथ. शेवटी एका जागी बद्द आवाज आला. छिन्नी लावली, चार घाव घातले आणि पिचकारी उडाली. तांबडं, गढूळ पाणी, मनगटाएवढी धार, थेट समोरच्या खिडकीपर्यंत. दुसरी नळी सापडली. तिच्यातूनही तसंच.

तिसरी शोधायला वाकले आणि थांबले. मग छिन्नी टाकून त्यांनी दाराकडे धूम ठोकली. साठीचा माणूस असा पळताना मी कधी पाहिला नाही. ते म्हणतात, आतून दगड दातावर दात घासावा तसे करकरले. मला काही ऐकू आलं नाही. मला फक्त दिसलं, की भिंतीचं पोट हळूच खाली बसलं, आणि मग सगळं एकदम आलं. दगड, चिखल, पाणी. अंगण गेलं. मागच्या खोलीची भिंत आत ढकलली गेली, खिडकी चौकटीसकट पलंगावर पडली आणि तिच्यावर चार-पाच दगड, प्रत्येक दगड दोन माणसांनी उचलावा एवढा.

धूळ बसली तेव्हा नात पुढच्या खोलीत उठून रडायला लागली होती. लेकीनं तिला कडेवर घेऊन त्या खोलीच्या दारापर्यंत आणलं, पलंगाकडे बघितलं आणि तशीच उलट फिरली.

त्यानंतरचं फार सांगत नाही. रविवारी माणसं जमलीच. ह्यांनी सगळ्यांसमोर आपली चूक आधी सांगितली, मग वरच्या इमारतवाल्याची. तो बिचारा इतका गांगरला की भांडायचंच विसरला. दुसऱ्या दिवशी टाकी दुरुस्त करायला माणसं लावली, चरही मोकळा करून दिला. व्याही आठ दिवस ह्यांच्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी मलब्यातल्या दगडांकडे बोट करून म्हणाले, "हे वापरायचे की नवे आणायचे?" त्यावरून आम्ही समजलो, की भिंत ह्यांनीच बांधायची आहे.

आम्ही महिनाभर तिथंच राहिलो. लेक रोज सकाळी कामावर येऊन उभी राहायची. थर चढला की हे हाक मारायचे, "ये, बघ." ती येऊन प्रत्येक नळीत काठी घालायची, पार भिंतीमागे भरलेल्या खडीपर्यंत जाते का ते बघायची आणि मान हलवून जायची. ज्या माणसानं पस्तीस वर्षं आपल्या कामावर कुणाला बोट ठेवू दिलं नाही, तो तिच्या मान हलवण्याची वाट बघत हातात थापी घेऊन थांबायचा. विहीणबाईंनी कपड्यांची दोरी पुढच्या बाजूला बांधून घेतली. त्या माझ्याशी नीट वागत होत्या, उलट जरा जास्तच जपून. जावई तर आधीपासूनच शांत. बाकी कुणी मला काही बोललं नाही. लेक मात्र कामापुरतंच बोलायची. आई, ताट घे. आई, टॉवेल तिकडे आहे.

भिंत पूर्ण झाली. नवीन बांधकामावर पुढचे पंधरा दिवस पाणी मारत राहावं लागतं, नाहीतर सिमेंट पक्कं होत नाही. ते काम मी घेतलं होतं. दिवसातून तीन वेळा बादली भरायची, मगानं भिंतीवर पाणी मारत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. परवा दुपारी लेक दुसरी बादली घेऊन आली आणि माझ्याबरोबर पाणी मारायला लागली. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. वाटलं, निवळली.

थोडा वेळ आम्ही दोघी पाणी मारत होतो. मग हात न थांबवता ती म्हणाली, "आई, एक खरं सांगशील? त्या दिवशी तू म्हणालीस, तुला भिंतीतलं काही कळत नाही. बाबांना नळ्या बुजवायला पाठवलंस तेव्हा तुला माहीत होतं का, त्या कशासाठी असतात?"

पुढच्या खोलीत माणसं होती, विहीणबाई होत्या. इथं फक्त आम्ही दोघी. मला खोटं बोलता आलं असतं. बोलणी करून परतलो त्या संध्याकाळी ह्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं होतं, ताटातल्या भाताला बोटानं बांध घालून दाखवलं होतं, पाणी कुठं साचतं आणि काय होतं ते. आणि मी म्हटलं होतं, भिंतीचं काय, ती पडेल तेव्हा पडेल, स्थळ आज आलंय.

"होतं," मी म्हणाले.

तिनं हातातला मग बादलीत टाकला. माझ्याकडे बघितलं नाही. पदराला हात पुसून आत गेली, आणि राहिलेल्या भिंतीवर मी एकटीनंच पाणी मारलं.